पाच खात्यांचा मेल घरच्या सर्व्हरवर आणायचाय? आधी डिलीट कोण करतंय ते बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा : गोरेगावला घरी जुना लॅपटॉप आहे, त्यावर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकलंय, आणि पाच खाती आहेत. स्वतःचं जीमेल, सोसायटीचे सेक्रेटरी म्हणून उघडलेलं दुसरं जीमेल, ऑफिसबाहेरच्या कामाचं आउटलुक, स्वतःच्या डोमेनचं एक, आणि बाबांचं ब्रॉडबँड कंपनीने दिलेलं जुनं पॉप-थ्री खातं (पॉप म्हणजे सर्व्हरवरून मेल उतरवून घ्यायची जुनी पद्धत). हे सगळं एका जागी यावं, आपोआप फोल्डरमध्ये लागावं आणि लोकलमध्ये फोनवर दिसावं. कुठल्यातरी जुन्या गाइडमध्ये फेचमेल (मेल ओढणारा प्रोग्राम) आणि प्रॉकमेल (मेल फोल्डरमध्ये लावणारा) सांगितलंय, ते आज चालेल का, आणि महिनाअखेरीस ब्रॉडबँड कंपनी बदलणार आहात.

चालेल, पण मी तुमच्या जागी असते तर नाही वापरणार. मी पंधरा-सोळा वर्षं घरी हेच करतेय, आधी फेचमेल-प्रॉकमेलच होतं, त्यामुळे ऐकीव सांगत नाहीये.

फेचमेल वाईट प्रोग्राम नाही, फक्त ते ज्या काळात लिहिलं गेलं तो काळ वेगळा होता. १९९६ च्या आसपास एरिक रेमंडने ते लिहायला घेतलं तेव्हा घरी डायल-अप असायचं. आपल्याकडे तर व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं तेच १५ ऑगस्ट १९९५ ला. फोन लावायचा, कनेक्शन मिळालं की भराभर मेल उतरवायचा, तिकडची पेटी रिकामी करायची कारण ती काही एमबीचीच असायची, आणि फोन ठेवायचा. म्हणून फेचमेलचा मूळ स्वभावच असा आहे की मेल उतरवला, पुढे दिला, की तिकडून डिलीट. तुम्ही मुद्दाम 'कीप' लिहिलं नाही तर ते डिलीट करणारच. आणि 'पुढे दिला' म्हणजे काय, तर पुढच्या प्रोग्रामने शून्य, म्हणजे 'काम झालं' असा कोड, परत केलं की फेचमेल मानतं मेल पोचला.

इथेच माझा घात झाला होता. २०११ ची गोष्ट. मी फेचमेल आणि प्रॉकमेलच्या मध्ये एक छोटी शेल स्क्रिप्ट, म्हणजे एकामागून एक चालणाऱ्या कमांडची फाइल, ठेवली होती, तिची शेवटची ओळ लॉगमध्ये (नोंदींच्या फाइलमध्ये) तारीख-वेळ लिहायची. मेलचं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा मेलसाठी ठेवलेला भाग, भरलं, प्रॉकमेलला लिहिता येईना, पण लॉग दुसऱ्या पार्टिशनवर होता, तिथे तारीख व्यवस्थित लिहिली जायची आणि स्क्रिप्ट शून्य देऊन मोकळी व्हायची. शेल स्क्रिप्ट शेवटच्या कमांडचा निकाल परत करते, मधल्याचा नाही, हे मला माहीत होतं, पण त्या दिवशी डोक्यात नव्हतं. अकरा दिवस मेल येत होता आणि तिकडून पुसला जात होता. त्यात आईच्या मेडिक्लेमचं पत्र होतं, अमुक कागद अमुक तारखेच्या आत पाठवा असं, आणि ती तारीख उलटून गेल्यावर फोन आला तेव्हा कळलं. क्लेम नंतर कसाबसा झाला पण आईने त्या दोन महिन्यांत जी धावपळ केली ती मी विसरले नाही. चूक माझ्या स्क्रिप्टची होती.

म्हणून कुठलं सॉफ्टवेअर हा प्रश्न माझ्यासाठी नंतरचा आहे. आधी कागदावर साखळी काढा, मेल कुठून कुठे जातो, आणि प्रत्येक कडीपाशी विचारा की ही कडी आत्ता तुटली तर मेल कुठे असेल. उत्तर 'मागच्या ठिकाणी अजून आहे' असं आलं पाहिजे, प्रत्येक कडीला. एकाही कडीला 'माहीत नाही' आलं तर तिथे थांबा.

आता माझी साखळी सांगते. गेटमेल-सिक्स मेल ओढतं, डव्हकॉट या मेल सर्व्हरच्या डिलिव्हरी प्रोग्रामला देतं, तो सीव्हचे (सीव्ह म्हणजे वर्गवारीचे नियम लिहायची भाषा) नियम लावून मेलडिर फोल्डरमध्ये, म्हणजे प्रत्येक मेलची वेगळी फाइल करून, ठेवतो, आणि तोच डव्हकॉट फोनला आणि लॅपटॉपला आयमॅपने (मेल सर्व्हरवरच ठेवून बघायची पद्धत) मेल दाखवतो. मध्ये माझी एकही स्क्रिप्ट नाही, मुद्दामच नाही.

गेटमेल का? दोन कारणं. एक, ते मुळात डिलीट करत नाही, तुम्ही सांगितलं तरच करतं, आणि तेही 'इतक्या दिवसांनी कर' असं सांगता येतं, मी ४५ दिवस ठेवलेत आणि सोसायटीच्या खात्याला डिलीट लावलेलंच नाही. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे आणि जुन्या गाइडमध्ये सहसा सापडत नाही. फेचमेल आयमॅपवर 'न वाचलेले' मेल तेवढे नवीन समजतं. म्हणजे तुम्ही अंधेरीला गाडीत उभ्या उभ्या जीमेलच्या अ‍ॅपमध्ये मेल उघडला, तर तो वाचलेला झाला, आणि घरच्या फेचमेलने त्याच्याकडे बघितलंच नाही. सगळेच मेल आणायला सांगितलं तर दर वेळी सगळे परत येतात. गेटमेल प्रत्येक मेलचा यूआयडी (ओळख-क्रमांक) स्वतःच्या फाइलमध्ये लिहून ठेवतं, त्यामुळे सेटिंगमध्ये 'रीड-ऑल' बंद केलं की ते फक्त न आणलेले मेल आणतं, तुम्ही तो तिकडे वाचलात की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही. पाच खाती आणि हातात सतत फोन असलेल्या माणसाला हेच हवं. फक्त ती यूआयडीची फाइल बॅकअपमध्ये असू द्या, ती हरवली तर सगळा मेल पुन्हा उतरतो. हरवण्यापेक्षा दोनदा येणं परवडलं, पण वीस हजार मेल दोनदा आले की निस्तरायला रविवार जातो.

काही जण तुम्हाला एमबीसिंक सांगतील. तेही उत्तम आहे, पण त्याचं काम वेगळं, ते तिकडच्या फोल्डरची जशीच्या तशी प्रत ठेवतं, आणि नीट न बांधता वापरलं तर इकडे डिलीट केलेलं तिकडेही डिलीट होतं. तुम्हाला प्रत नकोय, पाच ओढ्यांचं पाणी एका टाकीत हवंय, म्हणून गेटमेल.

डव्हकॉटचा डिलिव्हरी प्रोग्राम डिस्क भरली की 'आत्ता जमत नाही, नंतर ये' असा कोड देईल अशी सेटिंग आहे ना ते बघा, त्या कोडवर गेटमेल मेल पोचला असं धरत नाही आणि पुढच्या फेरीत पुन्हा प्रयत्न करतं. मेलडिरही याच विचाराने बनलेलं आहे, डॅनियल बर्नस्टाइनने क्यूमेल या मेल सर्व्हरसाठी केलं ते : मेल आधी टीएमपी फोल्डरमध्ये पूर्ण लिहायचा आणि मगच न्यू फोल्डरमध्ये सरकवायचा, त्यामुळे लिहिता लिहिता वीज गेली तरी अर्धवट मेल तुमच्या इनबॉक्समध्ये कधी दिसत नाही.

एक इशारा, यात बऱ्याच जणांचा दिवस जातो. डव्हकॉट २.४ मध्ये सेटिंगची भाषाच बदलली आहे आणि २.३ च्या फाइल त्यावर तशाच चालत नाहीत. डेबियन १२ वर २.३ आहे, डेबियन १३ वर २.४. तुमच्याकडे कुठलं डेबियन आहे ते आधी बघा आणि त्याच आवृत्तीचं डॉक्युमेंटेशन उघडा, नाहीतर गाइड एका आवृत्तीचं आणि सर्व्हर दुसऱ्या आवृत्तीचा असं होऊन 'ही सेटिंगच ओळखत नाही' अशा ओळी बघत बसाल.

खात्यांकडे येते. जीमेलला आता नेहमीचा पासवर्ड बाहेरच्या प्रोग्रामला चालत नाही, मे २०२२ पासूनच साध्या खात्यांना ते बंद झालं. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करायचं, मग अ‍ॅप पासवर्ड मिळतो, १६ अक्षरांचा. दोन्ही जीमेलचे वेगवेगळे घ्या आणि नाव 'घरचा सर्व्हर' असं काहीतरी द्या म्हणजे उद्या लॅपटॉप चोरीला गेला तर कुठला रद्द करायचा ते कळेल. दुसरी गोष्ट, जीमेलचे आतले फोल्डर म्हणजे खरं तर लेबलं आहेत, एकच मेल इनबॉक्समध्येही दिसतो आणि ऑल मेलमध्येही, म्हणून दोन्ही ओढू नका. फक्त इनबॉक्स आणि स्पॅम ओढा. हो, स्पॅमसुद्धा! सोसायटीच्या खात्यावर तर नक्कीच, कारण सभासद पहिल्यांदाच मेल करतात, सोबत मोठं पीडीएफ, विषय रिकामा, आणि मेल सरळ स्पॅममध्ये, तिथून ३० दिवसांनी आपोआप पुसला जातो. मी स्पॅम वेगळ्या 'संशयित' फोल्डरमध्ये आणते आणि रविवारी सकाळी चहा घेताना वरवर चाळते. आणि जीमेलची भाषा मराठी ठेवली असेल तर या आतल्या फोल्डरची नावंही बदलतात, म्हणून नाव अंदाजाने लिहू नका, आधी गेटमेलकडून किंवा कुठल्याही आयमॅप प्रोग्रामकडून यादी काढून बघा.

आउटलुकला सप्टेंबर २०२४ पासून साधा पासवर्ड चालतच नाही, ओऑथचं टोकन (पासवर्डऐवजी मिळणारी तात्पुरती किल्ली) लागतं. गेटमेल-सिक्सला ते जमतं पण बसवायला वेळ लागतो. ईमेल-ओऑथ-टू-प्रॉक्सी नावाचा एक छोटा प्रोग्राम मिळतो, तो मध्ये बसतो, टोकनचं सगळं तो बघतो आणि गेटमेलला वाटतं साधं आयमॅप आहे. हे खातं सगळ्यात शेवटी करा, नाहीतर पहिल्याच संध्याकाळी कंटाळून सगळं सोडाल. 'आउटलुकवरून सरळ फॉरवर्ड लावलं तर?' असं विचाराल, तर बिनमहत्त्वाच्या मेलला ठीक, पण फॉरवर्ड केलेल्या मेलचं एसपीएफ (मेल त्या डोमेनच्या खऱ्या सर्व्हरकडून आला ना याची तपासणी) तुटू शकतं आणि पुढचा सर्व्हर त्याला संशयाने बघतो. शिवाय फॉरवर्ड फसलं तर तुम्हाला कळतही नाही, ओढताना फसलं तर लॉगमध्ये दिसतं. जीमेलमध्येच बाकीची खाती पॉपने ओढायची जी सोय होती त्यावरही आता विसंबू नका, गूगलने ती २०२६ मध्ये काढून घ्यायचं जाहीर केलंय.

प्रत्येक खात्याची वेगळी सेटिंग फाइल करा, परवानगी ६००, म्हणजे ती फक्त तुम्हालाच वाचता-लिहिता येईल. डिलिव्हरी देताना तुमच्या घरच्या पत्त्याला प्लस लावून खूण द्या, म्हणजे प्लस-सोसायटी, प्लस-बाबा असं. ही खूण सीव्हला दिसते आणि मेल कुठल्या दारातून आला ते कायमचं कळतं. टायमर दर पाच मिनिटांनी पुरे, आणि पाचही खाती एकाच सेकंदाला धावू नयेत म्हणून सिस्टमडीच्या (डेबियनमध्ये प्रोग्राम सुरू करणाऱ्या यंत्रणेच्या) टायमरमध्ये थोडा रँडम उशीर ठेवा. ओटीपी घरच्या सर्व्हरवर शोधू नका, तो मूळ अ‍ॅपमध्येच बघा, पाच मिनिटांत तो निरुपयोगी होतो.

आता वर्गवारी, म्हणजे सीव्ह. प्रॉकमेल सोडा असं मी ज्या कारणाने सांगते त्यातलं एक म्हणजे २००१ नंतर जवळपास दोन दशकं त्याची नवीन आवृत्तीच आली नाही, पण आपल्यासाठी खरं कारण मराठी आहे. मराठी विषय मेलच्या हेडरमध्ये (मजकुराआधीच्या माहितीच्या ओळींत) देवनागरीत जात नाही, तो एन्कोड होऊन इंग्रजी अक्षर-आकड्यांच्या गिचमिडीत जातो. प्रॉकमेल ती गिचमिड तशीच वाचतं, त्यामुळे तुम्ही 'सभेची नोटीस' असा नियम लिहिला तर तो कधीच लागणार नाही आणि लागत का नाही तेही कळणार नाही. सीव्ह आधी डीकोड करतं आणि मग तुलना करतं, नियमात सरळ देवनागरी लिहा, लागतो.

पण तिथेही मराठीची एक खोच आहे जी मला अनुभवानेच कळली. 'दुसऱ्या' मधला ऱ्या दोन पद्धतींनी टाइप होतो, कुणाचा कीबोर्ड वेगळा ऱ देतो तर कुणाचा साध्या र ला हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह लावतो, डोळ्याला सारखंच दिसतं पण कॉम्प्युटरला शब्द वेगळे. नियमात असे शब्द घालूच नका. विभक्तीचंही तेच, सभा, सभेची, सभेस, आणि 'सभ' एवढंच घातलं तर सभासदही त्यात येणार. म्हणून विषयावर नियम कमीत कमी. आधी कुठल्या खात्यात आला ती खूण, मग लिस्ट-आयडी हेडर, मग पाठवणाऱ्याचं डोमेन, आणि अगदीच नाइलाज झाला तर विषय. न्यूजलेटर आणि ग्रुपचे मेल लिस्ट-आयडीवर अचूक पकडले जातात, पाठवणारे नावं बदलतात पण लिस्ट-आयडी सहसा बदलत नाहीत.

सीव्हमधली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे कुठलाच नियम लागला नाही किंवा स्क्रिप्टच चुकली, तर मेल इनबॉक्समध्ये राहतो. हरवत नाही. चूक कुठे झाली ते स्क्रिप्टशेजारच्या लॉग फाइलमध्ये लिहिलेलं असतं. म्हणून 'डिसकार्ड' ही कमांड मी माझ्या स्क्रिप्टमध्ये येऊच देत नाही. एकच मेल दोन खात्यांवर आला तर 'ड्युप्लिकेट' तपासणी आहे, मेसेज-आयडी बघून ओळखते, पण पकडलेला मेल टाकून न देता 'दुबार' फोल्डरमध्ये घालते आणि महिन्याने मी स्वतः तो फोल्डर रिकामा करते.

फोल्डर किती करायचे? माझे सुरुवातीला चाळीस होते, बँकेगणिक एक, बिलागणिक एक, लाइटचं वेगळं, गॅसचं वेगळं. आज 'दुबार' सोडून सात आहेत. सोसायटी, पैसे, बिलं, प्रवास, बाबा, लिस्ट, संशयित. बाकी सगळं इनबॉक्स. कारण तुम्ही शोधताना 'मागच्या वर्षीचं प्रॉपर्टी टॅक्सचं बिल' शोधता, फोल्डर नाही शोधत, आणि त्याला सर्च पुरतो. फोल्डरचं काम एवढंच की माणसाने पाठवलेला मेल मशीनने पाठवलेल्या मेलखाली गाडला जाऊ नये. इनबॉक्समध्ये फक्त माणसं उरली पाहिजेत, ही माझी कसोटी. शेजारच्या काकूंचं 'टाकी गळतेय' हे दोन ओळींचं मेल आणि म्युच्युअल फंडाचं स्टेटमेंट एकाच यादीत आलं की काकू खाली जातात.

फोल्डरची नावं मराठीत ठेवायची असतील तर जरूर ठेवा, फक्त पहिल्याच दिवशी डव्हकॉटमध्ये डिस्कवरची नावं यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे देवनागरी देवनागरीतच, ठेवायची सेटिंग चालू करा. नाहीतर आयमॅपची जुनी पद्धत लागते आणि डिस्कवर 'सोसायटी' च्या जागी अँपरसँड लावलेली अगम्य अक्षरं दिसतात, बॅकअपमधून हाताने काही काढायची वेळ आली की त्रास होतो. नंतर बदलायचं म्हटलं तर प्रत्येक फोल्डरचं नाव बदलावं लागतं.

नवा नियम लिहिला की सीव्ह-टेस्टला एक जुना मेल द्या, तो नुसतं सांगतो की हा मेल कुठे गेला असता. जुना साठा लावायला सीव्ह-फिल्टर आहे आणि ते मुळात फक्त तालीमच करतं, खरं हलवायला वेगळा पर्याय द्यावा लागतो. तालमीचा निकाल पूर्ण वाचा. मी एकदा घाईत वाचला नव्हता आणि बाबांचे पेन्शनचे मेल लिस्टमध्ये जाऊन बसले होते, सापडले, पण ते दोन दिवस विचारत होते.

पाठवणं मात्र घरून करू नका. घरच्या ब्रॉडबँडचा आयपी असल्यामुळे मोठे सर्व्हर तुमचा मेल घेणार नाहीत किंवा स्पॅममध्ये टाकतील, सर्व्हरने सर्व्हरला मेल द्यायचा दरवाजा, म्हणजे पोर्ट २५, बहुतेक ठिकाणी बंदच असतो. ज्या खात्यातून उत्तर द्यायचं त्याच खात्याच्या एसएमटीपीने (मेल पाठवायच्या सर्व्हरने), पोर्ट ५८७ किंवा ४६५ वर. फोनवर त्यासाठी असं अ‍ॅप हवं ज्यात एकाच आयमॅप खात्यावर अनेक ओळखी आणि प्रत्येकीला वेगळं एसएमटीपी लावता येतं, अँड्रॉइडवर मी फेअरईमेल वापरते, कॉम्प्युटरवर थंडरबर्ड. सोसायटीच्या मेलला चुकून स्वतःच्या नावाने उत्तर गेलं की सभेत कशी चर्चा होते ते तुम्हाला सांगायला नको.

लोकलमधून बघायला राउटरवर आयमॅपचा ९९३ पोर्ट उघडू नका. वायरगार्ड (फोनपासून घरापर्यंतचा खासगी बोगदा, म्हणजे व्हीपीएन) बसवा. मुंबईत बऱ्याच ब्रॉडबँडवाल्यांकडे स्वतःचा पब्लिक आयपी मिळत नाही, सीजीनॅटच्या मागे, म्हणजे अनेक ग्राहकांत एकच आयपी वाटून, असता, तेव्हा टेलस्केल हे व्हीपीएन सोपं पडतं. मेल आधीच फोनमध्ये उतरून बसलेला असतो, त्यामुळे मध्येच रेंज गेली तरी वाचता येतो.

जुना लॅपटॉप ही निवड चांगली आहे, बॅटरी म्हणजे फुकटचा यूपीएस. चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांच्या आत ठेवता येत असेल तर ठेवा आणि दर महिन्याला बॅटरी फुगली नाही ना ते बघा, सतत चार्जिंगवर आणि आपल्या दमट हवेत ती फुगते. राउटरलाही छोटा यूपीएस द्या. आणि लॅपटॉप जमिनीवर, पलंगाखाली ठेवू नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा तळमजल्यावरच्या किती घरांतले कागद गेले ते मी माझ्या मावशीच्या घरी पाहिलंय. म्हणून रोज रात्री रेस्टिक किंवा बोर्ग या बॅकअप प्रोग्रामने यूएसबी डिस्कवर बॅकअप, आणि एक प्रत घराबाहेर, दुसऱ्या उपनगरात राहणाऱ्या बहिणीकडे असेल तरी चालेल, एन्क्रिप्ट केलेली. तीन महिन्यांतून एकदा त्यातून एक मेल परत काढून बघायचा.

डिस्क ८० टक्के भरली की, आणि कुठल्याही खात्याचं ओढणं सहा तास फसलं की, मला फोनवर नोटिफिकेशन येतं. हे मेलने पाठवू नका, मेलच बंद पडलेला असेल तर ते येणार कुठून.

सुरुवात मात्र बाबांच्या खात्यापासून करा, आजच. बाकीच्यांना वेळ आहे, याला नाही, कारण कनेक्शन सोडलं की कंपनी ती पेटी कधी बंद करेल ते तुमच्या हातात नसतं. पॉपने फक्त इनबॉक्स मिळतो, त्यामुळे वेबमेलमध्ये लॉगिन करून दुसऱ्या फोल्डरमध्ये काही ठेवलंय का बघा, असेल तर ते इनबॉक्समध्ये हलवा, मग डिलीट न लावता सगळं ओढा, आणि तिकडची संख्या आणि इकडची संख्या जुळवा. सेंट फोल्डरमधलं महत्त्वाचं बाबांना विचारून त्यांच्याच खात्यावर फॉरवर्ड करून घ्या. ते पेन्शन ऑफिसला, बँकेला आणि विम्याला नवा पत्ता कळवतील आणि त्यांची पोच नव्या पत्त्यावर येईल, तोवर जुनं कनेक्शन एक महिना जास्त चालू ठेवायला लागलं तरी ठेवा.